पणजोबा पलटणीत होते म्हणे? नाव राहू दे, आधी नंबर शोधा

आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात एक गोल तबकडी आहे, साधारण १२ सेंटीमीटरची, हातात घेतली की जड लागते. तिच्यावर एक बाई उभी आणि तिच्याजवळ सिंह. आता बाई आणि सिंह म्हटल्यावर देवीच ना, त्यामुळे पणजीपासून सगळ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नवरात्रात माळ घातली, दसऱ्याला सोनं ठेवलं. कुंकवाच्या थराखाली इंग्रजी अक्षरं आहेत हे मला दिसलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. ती बाई ब्रिटानिया निघाली, म्हणजे ब्रिटन देशाचं प्रतीक म्हणून काढतात ती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने ही कांस्याची तबकडी पाठवली होती, तिकडे लोक तिला मेलेल्याची पेनी म्हणायचे. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला (स्वातंत्र्य कुणाचं ते विचारू नका) आणि सिंहाच्या वर एका चौकटीत नाव. फक्त नाव, हुद्दा नाही पलटण नाही काहीच नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दामच घातला नव्हता. विचार चांगला आहे पण शोधणाऱ्याची वाट लागते.

ते माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ. नाव असं की तालुक्यात हाक मारली तर निम्मे लोक वळून बघतील. मी पहिलं वर्षभर ते नावच शोधत बसले, इंग्रजीत दहा प्रकारे टाईप करून, आणि एका साइटने 'तुमच्या पूर्वजाचं रेकॉर्ड सापडलं' म्हणून पैसे घेतले आणि भलत्याच गोऱ्या साहेबाचं पान दाखवलं. तेव्हा ज्यांच्या घरात 'आपले कोणतरी पलटणीत होते' एवढंच माहिती आहे त्यांच्यासाठी लिहितेय. सगळ्यात आधी डोक्यात बसवायची गोष्ट म्हणजे लष्कराच्या कागदात माणूस नावाने ओळखला जात नाही, नंबर आणि पलटण या जोडीने ओळखला जातो. नुसता नंबरही उपयोगाचा नाही, कारण तेव्हा प्रत्येक पलटणीचे आपापले नंबर असायचे, तोच चार आकडी नंबर पाच पलटणींत पाच जणांना असू शकतो. जोडी मिळाली की अर्धं काम झालं. आणि ही जोडी दिल्ली-लंडनला नाही, बहुतेक वेळा तुमच्याच घरात किंवा भाऊबंदांच्या घरात पडलेली असते.

मेडलपासून सुरू करा. भारतीय शिपायांच्या मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात त्या जागेवर, नंबर हुद्दा नाव आणि पलटण ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धाची दोन नेहमीची मेडलं म्हणजे चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि पितळी-सोनेरी दिसणारं, पंखवाल्या बाईचं व्हिक्टरी मेडल. १९१४-१५ चा जो चांदणीसारखा स्टार आहे त्याला कडच नाही, म्हणून त्यावर मजकूर पाठीमागे असतो. आमच्याकडचं चांदीचं मेडल पणजीने सोनाराकडे देऊन त्याची जोडवी केली, तिची काही चूक नाही, नवऱ्याचा भाऊ गेला होता आणि घरात खायचे वांधे होते. व्हिक्टरी मेडल मात्र सोनाराने परत दिलं कारण त्यात चांदी नाही. ते एका चुलत आत्याच्या बटणांच्या डब्यात सापडलं आणि त्याच्या कडेवरून मला जोडी मिळाली. म्हणून सांगते, चांदीचं गेलं असलं तरी 'ते बिनकामाचं पितळी' कुठे आहे ते विचारा.

आणि प्लीज प्लीज ते पितांबरीने घासू नका, चिंचेनेही नाही, ब्रासो तर अजिबात नाही. कडेवरची अक्षरं फार खोल नसतात, दोनचार दिवाळ्या घासलं की गुळगुळीत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, खोलीत अंधार करायचा, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरून कड थोडी थोडी फिरवत फोटो काढायचे. उजेड समोरून मारलात तर काही दिसत नाही, आडवा मारलात की सावलीत अक्षरं वर येतात. अगदीच पुसट असेल तर पातळ कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्यांवर करायचो तसं.

दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांबद्दल इंग्रजी पानांवर वाचाल की त्यांच्यावर नाव नसतं. ते ब्रिटिश सैनिकांच्या मेडलांचं झालं, भारतीयांना दिलेल्यांवर नाव-नंबर घातलेला असतो, म्हणून बघाच. शिवाय नुसत्या स्टारवरून माणूस कुठे होता ते कळतं, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार अशी नावं सरळ त्यावरच असतात.

मेडल नसेल तर ट्रंक. काळी लोखंडी ट्रंक, फौजी माणसाच्या घरात असतेच, तिच्या झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, युनिट रंगवलेलं असतं. नंतर कोणीतरी लग्नाच्या वेळी तिला हिरवा ऑइलपेंट मारलेला असतो पण जुन्या अक्षरांची कड हाताला लागते, तिथेही आडवा टॉर्च. मग कागद: डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, रोमन उर्दू परीक्षेचं सर्टिफिकेट. हो, आपली सातारा-रत्नागिरीची माणसं पलटणीत जाऊन रोमन लिपीत उर्दू शिकायची, बढतीला ती परीक्षा लागायची, त्यामुळे 'आजोबा उर्दू शिकलेले' अशी कथा घरात असेल तर त्यामागे हे असू शकतं. फोटो असेल तर खांद्यावरचा पितळी बिल्ला झूम करून बघा आणि मागे स्टुडिओचा शिक्का.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना 'कुठल्या रेजिमेंटला होते' असं विचारू नका, माहिती नसतं आणि माहिती नाही म्हणायची लाज वाटते मग काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा विचारा, पेन्शन आणायला कुठे जायचे, रजेवरून आले की कुठल्या स्टेशनला उतरायचे, बायकोला पेन्शन मिळाली का आणि ती कोणी खाल्ली. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त माहिती निघते, खरंच, भांडणातल्या तारखा लोक विसरत नाहीत. आणि त्यांचे शब्द आहेत तसेच लिहून घ्या. 'जर्मनची लढाई' म्हणजे पहिलं महायुद्ध, मग माणूस जर्मनीच्या जवळपास गेलेला असो नसो. 'बसऱ्याला गेला' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. कोणी 'काली पांचवी' म्हणालं तर ती १०५वी मराठा, आताची दुसरी मराठा बटालियन, आणि 'जंगी पलटण' म्हणजे १०३वी, आताची पहिली. अशी टोपणनावं घरात शंभर वर्षं टिकतात आणि आपण ती काहीतरी बडबड म्हणून सोडून देतो.

आता पलटणींच्या नंबरांचा घोळ, इथे बरेच लोक अडकतात. १९०३ ला तेव्हाचा सरसेनापती किचनेर याने सगळ्या पलटणींना सलग नंबर दिले तेव्हा मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा पलटणी झाल्या. पहिलं महायुद्ध याच नंबरांनी लढलं गेलं. मग १९२२ ला या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची ट्रेनिंगवाली दहावी. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदात ३/५ असं दिसलं तर ते तीन पंचमांश नाही, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला, ते ३/५. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर, तेही इटलीत आणि तेही व्हिक्टोरिया क्रॉस, ते १/५. आणि ती तिसरी बटालियन पुढे १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, दोन पॅरा झाली, म्हणजे पणजोबा ११० मध्ये असतील तर त्यांच्या पलटणीचा आजचा धागा मराठा रेजिमेंटमध्ये शोधून मिळणार नाही.

महार कुटुंबांसाठी वेगळी गोष्ट. कंपनीच्या काळात बॉम्बे आर्मीत महार शिपाई भरपूर होते, कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 'नाक' ने संपणारी नावं कोरलेली आहेत ती त्यांचीच. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात १९१७ ला १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. आत्ताची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात सुरू झाली. म्हणून मधल्या काळात घराण्यातलं कोणी फौजेत असल्याची आठवण असेल तर पायोनियर (रस्ते-खोदकामवाले), मजूर तुकड्या, खेचर तुकड्या, हॉस्पिटल तुकड्या असं बघायला लागतं. जुन्या याद्यांमध्ये आडनाव न देता नुसतं रामनाक, गोपाळनाक असं मिळेल, तेव्हा आजचं आडनाव टाकून काही निघणार नाही.

बरं, जोडी हातात आली किंवा निदान पलटण कळली. आता सगळ्यात महत्त्वाचा फाटा: माणूस युद्धात मेला की परत आला?

मेला असेल तर सोपं आहे, ऐकायला वाईट वाटतं पण तसंच आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची थडगी-स्मारकं सांभाळणारी संस्था आहे, तिच्या साइटवर फुकट शोधता येतं, पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मेलेला माणूस तिथे असतो, गोळीने मेला पाहिजे असं नाही, तापाने पुण्याच्या हॉस्पिटलात गेला तरी असतो. शोधताना नावाच्या चौकटीपासून लांब राहा. सैन्य या चौकटीत इंडियन निवडा, रेजिमेंटच्या चौकटीत मराठा लिहा पण जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, म्हणजे एम-ए नंतर एच आणि दोन टी, आजचं स्पेलिंग टाकलंत तर शून्य येतं आणि लोक 'आमचे नाहीत' म्हणून निघून जातात. मग 'ॲडिशनल इन्फर्मेशन' म्हणून एक चौकट आहे, तिच्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका, कारण बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असं दिलेलं असतं. जिल्हे जुने घ्या, रायगडला कुलाबा, मुरुडकडच्या भागाला जंजिरा. सगळी यादी एक्सेलमध्ये डाउनलोड करायचं बटण आहे, ती घ्या आणि निवांत बसून चाळा, साइटवर एकेक पान उघडत बसण्यापेक्षा ते बरं.

स्पेलिंगबद्दल काय सांगू. गणपतमध्ये ग नंतर ए च्या जागी यू, पवारांचं पोवार, चव्हाणांचं चौहान, जाधवांचं जाधाव जाधो यादव काहीही, शिंद्यांचं सिंदे आणि कधी सरळ सिंदिया. लिहिणारा कारकून मराठी होताच असं नाही, त्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. कधीकधी अख्खं नावच आडनावाच्या चौकटीत घातलेलं असतं, म्हणून तिथे पहिलं नाव टाकूनही बघा, किंवा आडनावाची पहिली दोन अक्षरं टाका आणि बाकी पलटणीवर सोडा.

माझ्याकडे नावाने चार जण आले होते, एक ११० चा, एक ११७ चा, एक सॅपर (फौजेतला पूल-रस्ते बांधणारा) आणि एक खेचरवाला. वर्षभर मी ११७ वाल्याला आपला समजत होते कारण त्याच्यापुढे सातारा लिहिलेलं, त्याच्या नावाने श्राद्धाच्या दिवशी एकदा पानही वाढलं. मेडल मिळालं तेव्हा कळलं की आपला ११० चा, त्याच्यापुढे गावच दिलेलं नाही. कोणाच्या तरी पणजोबांना आमच्या घरचं जेवण मिळालं, असू दे.

तारीख मिळाली की ती पलटणीच्या हालचालीशी ताडून बघायची. आमच्या माणसाची तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातली. ११०वी पलटण तेव्हा कुठे होती? मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ पासून. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने तिथल्या सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींचे लोक त्यात होते. म्हणजे एप्रिलनंतरची तारीख असेल तर माणूस लढाईत नाही, बहुतेक कैदेत गेला, वाळवंटातून चालताना किंवा रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर. कैदेतल्या अशा तारखा नंतर अंदाजाने लावलेल्या असू शकतात त्यामुळे तिथीबिथी काढायची तर जरा सबुरीने. घरात शंभर वर्षं सांगत होते की जर्मनांशी लढताना गेले. त्यांनी जर्मन बघितला तरी असेल का शंका आहे.

'थडग्याचा फोटो मिळेल का' हा पुढचा प्रश्न असतो. हिंदू शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला जायचा, त्यामुळे बहुतेकांचं थडगं नसतंच, नाव स्मारकावर असतं. फ्रान्समध्ये गेलेल्यांसाठी नव-शापेलचं स्मारक, ४,७०० च्या वर नावं. दिल्लीचं इंडिया गेट, त्यावर १३,००० च्या वर. मलायात आणि सिंगापुरात गेलेल्यांसाठी सिंगापूर, बर्मावाल्यांसाठी रंगूनजवळ तौक्यान, इटलीसाठी कॅसिनो, यशवंत घाडग्यांचं नाव तिथेच आहे. पुण्यात खडकीला वॉर सिमेट्री आहे, तिथे पहिल्या युद्धात इकडेच मेलेल्यांचंही स्मारक आहे, पुण्यात असाल तर जाऊन या. बसऱ्याच्या स्मारकाचं मात्र दुखणं आहे. ४०,००० च्या वर माणसांचं स्मारक, पण साध्या भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा, नावं वेगळ्या वहीत. गोऱ्यांची नावं मात्र कोरली. २०२१ ला कमिशनने स्वतःच अहवाल काढून हे चुकलं असं मान्य केलं. वर १९९७ ला सद्दामने ते स्मारकच उचलून शहराबाहेर नेलं. तेव्हा बसऱ्याची नोंद निघाली तर फोटोमागे धावू नका, त्या नोंदीच्या पानावर खाली स्कॅन केलेले रजिस्टरचे कागद असतात ते डाउनलोड करून ठेवा.

आता परत आलेल्यांचं. हेच जास्त आहेत. पहिल्या युद्धात साधारण १३ लाख लोक भारतातून बाहेर पाठवले त्यात मेले ७४ हजारांच्या आसपास, दुसऱ्यात २५ लाखांची फौज आणि मेले ८७ हजार. म्हणजे कमिशनच्या साइटवर नाव नाही याचा अर्थ माणूस घरी आला, तो गेलाच नव्हता असा होत नाही. परत आलेल्यांची अशी एक यादी ऑनलाइन नाही. पंजाबच्या गावांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये होती ती आता ऑनलाइन टाकली आहेत, तीन लाखांच्या वर नावं, पण ती पंजाबची, त्यात सातारा शोधू नका.

दुसऱ्या महायुद्धापासून पुढचं असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद असते, दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना सरकारची मदत मिळायची त्यामुळे आजीचं नाव त्या वहीत असायची शक्यता चांगली. सकाळी जा, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका, आणि बोलताना 'रिसर्च करतेय' म्हणू नका, 'नात आहे' म्हणा. तिथला एखादा निवृत्त हवालदार पाच मिनिटांत जे सांगतो ते गुगलला जन्मात जमणार नाही.

मग त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठ्यांचं बेळगाव, महारांचं सागर, मध्य प्रदेशात, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, तोफखान्याचं नाशिक रोड, रणगाडेवाल्यांचं नगर, सिग्नलवाल्यांचं जबलपूर, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचं) सिकंदराबाद. नेव्हीच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, एअरफोर्सचं दिल्लीत. तुम्हाला जो कागद हवा आहे त्याला, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदीला, 'शीट रोल' म्हणतात, अर्जात हाच शब्द लिहा. 'माझ्या आजोबांची सगळी माहिती द्यावी' असं लिहिलंत तर कारकुनाने काय शोधायचं? असं लिहा: नंबर अमुक, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, युनिट, भरतीचं आणि फौजेतून सुटल्याचं अंदाजे साल, गाव-तालुका-जिल्हा जुन्या नावाने, मी त्यांची कोण, आणि मला शीट रोलची प्रत किंवा सर्व्हिसचा तपशील हवा आहे. सोबत ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, दोन-तीन महिने काही आलं नाही तर आठवणीचं पत्र, मग वाटलं तर आरटीआय, दहा रुपयांची फी, पण माझ्या मते पहिल्या फटक्यात आरटीआय टाकू नये, माणसं आखडतात. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची शीट रोल मिळेल या आशेवर मात्र बसू नका, ही दुसऱ्या युद्धापासून पुढची वाट आहे.

नंबराच्या पुढे जेसी असेल तर माणूस सुभेदार वर्गातला, आयसी असेल तर ऑफिसर. जमादार-सुभेदार झालेल्यांची नावं जुन्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये छापलेली असतात, त्यांचे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, साध्या शिपायाचं नाव त्यात नसतं. स्वातंत्र्यानंतर लढाईत गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २०१९ पासून.

लंडनच्या कागदांबद्दल लोकांना फार ओढ असते. तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, पलटणीच्या नंबराने शोधायच्या. त्यात शिपायाचं नाव मिळणार नाही, 'आज तीन मेले अकरा जखमी' एवढंच, पण तुमच्याकडे तारीख असेल तर त्या दिवशी पाऊस होता का, पाणी मिळालं का, कुठल्या वळणावर पलटण होती हे सगळं तिथे मिळतं. ब्रिटिश लायब्ररीत फ्रान्समधल्या भारतीय शिपायांच्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे आहेत, वाचायला घेतलंत तर रात्र जाते. पण शिपायांच्या सर्व्हिस फाइली तिकडे आहेत या समजुतीवर महागडी मेंबरशिप घेऊ नका, त्या पैसेवाल्या साइटींवरचा माल मुख्यतः गोऱ्यांचा आहे.

गाव आणि घराणं पक्कं करायला मात्र आपलेच कागद. तहसीलमध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जातीच्या दाखल्यासाठी लोक काढतात तेच, त्यात जन्म-मृत्यू. जुने फेरफार बघा, 'लढाईत मयत' असा शेरा मला एका फेरफारात मिळाला. 'जंगी इनाम' हा शब्द दिसला तर थांबा, तो लढाईतल्या कामगिरीबद्दल दिलेला असतो. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येत असतील तर त्यांना बसवून चहा पाजा, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही किंवा अंगठा असू शकतो, फौजी माणूस रजेवर आला की देवाला जायचाच. आणि गावच्या चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा, 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले' अशी. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीत तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे. या पाट्यांवर चुना मारलेला असतो नाहीतर त्यांना लागून कपाट उभं असतं.

पेशवाईतला शिलेदार-बारगीर शोधायचा असेल तर हा सगळा रस्ताच सोडा, मोडी शिका नाहीतर मोडी वाचणारा गाठा, पुण्यात पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कोल्हापूर संस्थानच्या फौजेसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. तो वेगळाच विषय आहे आणि त्यात मी अजून कच्ची आहे.

आजोबांची, म्हणजे दुसऱ्या युद्धातल्या, शीट रोलची प्रत आली तेव्हा त्यात उंची पाच फूट साडेचार इंच, छाती, धर्म, जात, वारस म्हणून आईचं नाव, आणि ओळखीची खूण या रकान्यात डाव्या भुवईवर जखमेचा व्रण असं होतं. आम्हाला घरात कायम सांगितलं होतं की तो व्रण बर्मात जपान्यांच्या गोळीचा. तो रकाना भरतीच्या दिवशी भरतात. आत्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली हां, बैलाने मारलं होतं लहानपणी, पण तू पोरांना गोळीचंच सांग.